यंत्राच्या पाठीमागचे सात मीटर

उमराण्याच्या बाजारात कांद्याला बरा भाव निघाला की देवळा तालुक्यातल्या मळ्यामळ्यांत एकच धांदल उडते. चाळीतून कांदा बाहेर काढला जातो, खळ्यात ढीग पडतात आणि बायका उकिडव्या बसून तो निवडायला लागतात. त्याच खळ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप, आयशर असे एकामागून एक वाहन रिव्हर्स येत असते. पलीकडच्या वावरात शेततळ्यासाठी नाहीतर विहिरीसाठी पोकलेन लागलेले असते आणि माती वाहायला हायवा मागे घेतला जातो. निवडणाऱ्या बाईच्या बाजूला तिचे लेकरू खेळत असते. रिव्हर्स येणाऱ्या यंत्राचा ऑपरेटर निष्काळजी नसतो. त्याला ते लेकरू दिसतच नसते.

न दिसण्याचे हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते कळते. समजा, ऑपरेटरचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरवर आहेत. त्याच्या मागे तीन मीटरवर यंत्राची पाठ संपते आणि त्या टोकाची उंची दोन मीटर आहे. डोळ्यांपासून त्या कडेवरून निघालेली सरळ रेषा दर तीन मीटरला अर्धा मीटर खाली उतरते, म्हणजे कडेपासून पुढे आणखी बारा मीटर गेल्यावर ती जमिनीला टेकते. या बारा मीटरांतली जमीन त्याला दिसत नाही. एक मीटर उंचीचे मूल यंत्रामागे सहा मीटरांच्या आत आले की नाहीसे होते. उकिडवी बसलेली बाई साधारण 80 सेंटिमीटर धरली, तर तिच्यासाठी हे अंतर सात मीटरांच्या थोडे वर जाते. ताशी 5 किलोमीटर हा रिव्हर्सचा काही फार वेग नाही, पण त्या वेगाने यंत्र सेकंदाला जवळपास 1.4 मीटर सरकते. सात मीटर म्हणजे पाच सेकंद. बाजूचे आरसे कडेकडेचा पट्टा दाखवतात, नेमका मधला भाग त्यांच्याही हद्दीबाहेर राहतो. हायवाची तर आणखी पंचाईत, कारण केबिनच्या मागे लोखंडी बॉडीची भिंतच उभी असते आणि मागच्या काचेचा प्रश्नच उरत नाही.

हा आंधळा पट्टा अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माती हलवणाऱ्या यंत्रांतून ऑपरेटरला काय दिसते ते मोजण्यासाठी आयएसओ 5006 नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात यंत्राभोवती 12 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आणि यंत्राच्या कडेपासून 1 मीटरवरची चौकट धरून तपासणी होते. वाहनाच्या पाठीला कॅमेरा लावण्याची कल्पनाही जुनी. ब्यूक कंपनीने 1956 मध्ये सेंच्युरियन नावाची एक प्रायोगिक मोटार दाखवली, तिच्यात मागच्या आरशाऐवजी टीव्ही कॅमेरा होता. विक्रीच्या गाडीत तो यायला 1991 उजाडले, जपानमधल्या टोयोटा सोअरर या मोटारीत. अमेरिकेत 2002 मध्ये कॅमेरॉन गुलब्रानसेन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच, वडील गाडी मागे घेत असताना, चाकाखाली सापडला. वडील स्वतः बालरोगतज्ज्ञ होते. पुढे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि मे 2018 पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. तिथे कॅमेऱ्याने वाहनामागचा 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब पट्टा दाखवलाच पाहिजे. मात्र हा नियम हलक्या वाहनांपुरता आहे, अवजड यंत्रे त्यात येत नाहीत.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये बांधकाम यंत्रांसाठी सुरक्षेचे नवे नियम काढले आणि ते एप्रिल 2021 व एप्रिल 2024 अशा दोन टप्प्यांत लागू केले. ऑपरेटरला किती दिसले पाहिजे आणि यंत्र हलताना इशाऱ्याचा आवाज आला पाहिजे, हे दोन्ही मुद्दे त्यांत आहेत. पण नियम नव्या यंत्रांना लागतो. आपल्या तालुक्यात विहिरी खोदणारे, बांध घालणारे, विंचूर-प्रकाशा रस्त्याच्या कडेने भराव टाकणारे कितीतरी जेसीबी आणि पोकलेन दोन-तीन मालकांच्या हातून आलेले आहेत. त्यांच्यासाठी कंपनीचा कॅमेरा येणार नाही. तो मालकालाच बसवावा लागेल.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. सात इंची पडदा, एक कॅमेरा आणि केबल असा साधा संच काही हजारांत मिळतो, म्हणजे जेसीबीच्या तीन-चार तासांच्या भाड्यात बसणारी ही गोष्ट. मालेगाव, सटाणा, नाशिक कुठल्याही ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिशियन तो लावून देतो. तरीही लावलेला कॅमेरा चार महिन्यांत बंद पडतो आणि ‘हे आपल्या कामाचं नाही’ असा शिक्का बसतो. कॅमेरा सहसा खराब नसतो. मोटारीसाठी केलेली वस्तू मोटारीसारखीच यंत्रावर चढवली जाते, तिथे गडबड होते.

पहिली गोष्ट विजेची. जेसीबी 3डीएक्स आणि ट्रॅक्टर यांची वायरिंग 12 व्होल्टची असते. हायवा आणि वीस टनी पोकलेन 24 व्होल्टवर चालतात, आणि इंजिन सुरू असताना तो आकडा 28 च्या आसपास जातो. बाजारातला स्वस्त कॅमेरा 12 व्होल्टचा असतो. तो 24 वर जोडला की जळतो, कधी लगेच, कधी आठवड्याने. हे टाळायला एक जुगाड सर्रास केला जातो: 24 व्होल्टच्या यंत्रात 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यांतल्या एकीवरूनच तार ओढायची. हे अजिबात करू नये. जिच्यावरून तार ओढली ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना एकत्रच मिळते. मग एक कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोघी वेळेआधी जातात. कॅमेऱ्याचे पैसे वाचवायला गेलेला माणूस बॅटरीच्या जोडीचे पैसे भरतो. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्यावा. नाहीतर कॅमेरा आणि पडदा दोन्ही 9 ते 36 व्होल्टवर चालणारे घ्यावेत. थोडे महाग पडतात, पण उद्या यंत्र बदलले तरी तोच संच दुसऱ्यावर चढवता येतो.

वीज चावीनंतर चालू होणाऱ्या तारेवरून घ्यावी, म्हणजे रात्रभर पडदा जळत राहून सकाळी स्टार्टर मुका होत नाही. उगमाजवळच दोन-तीन अँपियरचा फ्यूज हवाच. डिझेल आणि हायड्रोलिक तेलाने माखलेल्या यंत्रात फ्यूजविना तार सोडणे म्हणजे आग लागायची वाट पाहणे.

रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेचा उपयोग नीट समजून घ्यायला हवा. बहुतेक जण कॅमेऱ्याला वीजच त्या तारेवरून देतात. मग गिअर टाकल्यावर कॅमेरा जागा होतो, चित्र यायला एक-दोन सेकंद जातात, आणि घाईत असलेला ऑपरेटर तोवर मागे निघालेला असतो. कॅमेरा कायम चालू ठेवावा आणि रिव्हर्सची तार फक्त पडद्याला इशारा देण्यापुरती वापरावी. पोकलेनला तर रिव्हर्स गिअरच नसतो, दोन पट्टे उलटे फिरवले की ते मागे जाते. तिथे पडदा काम चालू असेपर्यंत चालूच हवा.

पोकलेनमध्ये धोकाही वेगळ्या जातीचा असतो. वरचा भाग गोल फिरतो, म्हणून ऑपरेटरच्या पाठीमागे आता काय आहे ते दर मिनिटाला बदलते. पाठीकडचे जड काउंटरवेट गरकन फिरून माणसाला बांधाशी किंवा उभ्या हायवाशी चेपू शकते. कॅमेरा काउंटरवेटच्या वरच्या कडेला, मधोमध, इंजिनाचे झाकण उघडताना आड येणार नाही असा लावावा. कॅमेरा आणि केबिन दोन्ही फिरत्या भागावरच असल्याने तार खालच्या भागात न्यावी लागत नाही, ही सोय आहे. जेसीबीचे तसे नाही. त्याच्या पाठीवर खोदायची बकेट घडी घालून उभी असते. केबिनच्या छतावर मधोमध कॅमेरा लावला तर पडद्यावर निम्मे चित्र बूमचेच येते. तो उजवीकडे किंवा डावीकडे सरकवून, ऑपरेटरला ज्या बाजूचे कमी दिसते त्या बाजूला लावावा. जमल्यास दोन कॅमेरे लावावेत, दोन चित्रे दाखवणारा पडदा आता फार महाग राहिलेला नाही. हायवात बॉडी वर उचलली जाते आणि मागचे फाटक खालून उघडते. म्हणून कॅमेरा बॉडीवर न लावता चेसीवर, टेललाइटच्या ब्रॅकेटजवळ, फाटकाच्या वाटेबाहेर लावणे बरे. तिथे चिखल जास्त बसतो, पण डबर अंगावर पडत नाही.

केबिनच्या खांबांना भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये. यंत्र उलटले तर हेच खांब ऑपरेटरचा जीव राखतात, आणि त्यांची ताकद कंपनीने जशी दिली तशीच राहायला हवी. आधीपासून असलेल्या बोल्टखाली पट्टी घालून ब्रॅकेट बसवता येते. दुसरीकडे कुठे वेल्डिंग करायचेच असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि कॅमेरा-पडद्याचे जोड आधी काढावेत, नाहीतर वेल्डिंगचा करंट त्यांच्यातून वाट काढतो.

माझे मत विचाराल तर पैसे पडद्यावर घालू नयेत, केबलवर घालावेत. मोठा, लखलखीत पडदा दुकानात छान दिसतो. यंत्रावर मात्र पहिली मान टाकते ती तार. मोटारीच्या संचात येणारे पिवळ्या टोकाचे, नुसते दाबून बसवायचे जोड खडीच्या रस्त्यावर आठवडाभरात सैल होतात. चार पिनांचा, आट्यांनी आवळायचा जोड घ्यावा. कॅमेरा विकत घेताना आयपी 69के हे अंक पाहावेत. आयपी 67 म्हणजे तो थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी टिकतो. पण आपल्याकडे यंत्र वॉशिंग सेंटरला नेऊन जोराच्या फवाऱ्याने धुतात, आणि तो मारा सोसायची कसोटी 69के मध्ये आहे. तार काळ्या कॉरुगेटेड पाइपातून न्यावी, सायलेन्सर आणि हायड्रोलिकच्या गरम पाइपांपासून लांब ठेवावी, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावे. जिथे काही हलते, उघडते, वळते, तिथे तारेला ढील द्यावी. जोडाच्या अलीकडे तार जरा खाली झुकवून मग वर घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळातून खालीच गळते आणि जोडात शिरत नाही. बोल्टला साधे नट न लावता नायलॉनचे लॉकनट लावावे.

बिनतारी संच लावायला सोपा, म्हणून विकणारा तोच पुढे करतो. लोखंडी केबिन, आजूबाजूची दुसरी यंत्रे आणि मोबाइलचे जंजाळ यांत त्याचे चित्र मधेच अडकते. अडकलेले चित्र काळ्या पडद्यापेक्षा वाईट, कारण दोन सेकंदांपूर्वीची रिकामी जागा ऑपरेटरला आत्ताची वाटते. मोबाइललाच पडदा बनवणारे वायफाय कॅमेरेही याच कारणाने नकोत. शिवाय ऐन रिव्हर्समध्ये फोन वाजतो आणि चित्र जाते. आणखी एक बारकी गोष्ट: कॅमेरा एएचडी असेल आणि पडदा साधा ॲनालॉग, तर चित्र येणार नाही किंवा फिरत राहील. दोन्ही एकाच जातीचे आहेत का, ते दुकानातच जोडून पाहावे.

कॅमेरा बसला, चित्र आले, म्हणजे काम झाले असे नाही. तो कोणत्या कोनात ठेवला यावर सगळे अवलंबून आहे. चित्राच्या खालच्या कडेला आपल्याच यंत्राची किनार, काउंटरवेटची किंवा बंपरची पट्टी, थोडी दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर अंतराचा अंदाज कशावरून घ्यायचा? 170 अंशांचे भिंग मोठा पट्टा दाखवते, पण वस्तू असतात त्याहून बऱ्याच लांब भासवते. यंत्रासाठी 120 अंशांच्या आसपासचे भिंग मला जास्त भरवशाचे वाटते. चित्र आरशासारखे उलटे हवे, म्हणजे पडद्यावर डावीकडे दिसणारा माणूस खरोखर डावीकडेच असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांना यासाठी तारेचा एक छोटा फासा असतो, तो कापला की चित्र पालटते.

पडद्यावर आधीपासून येणाऱ्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा मोटारीच्या मापाच्या असतात. यंत्रावर त्या खोटे सांगतात, म्हणून बंद कराव्यात आणि आपल्या रेषा आपण आखाव्यात. सपाट जागी यंत्र उभे करायचे. मागच्या टोकापासून एक, तीन आणि सात मीटरवर फक्कीने आडव्या रेषा मारायच्या, यंत्राच्या रुंदीएवढ्या दोन उभ्या रेषाही ओढायच्या. मग केबिनमध्ये बसून पडद्यावर त्या जिथे दिसतात तिथे रंगीत टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या. यानंतर कांद्याची भरलेली गोणी उभी करून एकेका ठिकाणी ठेवत जायची. उकिडव्या बसलेल्या माणसाच्या उंचीची ती असते. मागच्या दोन्ही कोपऱ्यांशी, चाकाला अगदी लागून, तीन मीटरवर, सातवर. गोणी पडद्यावर कुठे दिसते, आरशात कुठे दिसते आणि दोन्हींत कुठेच दिसत नाही, ते ऑपरेटरने स्वतः पाहायचे. जिथे ती कशातच दिसत नाही ती जागा फक्कीने रंगवून हेल्परला आणि मजुरांनाही दाखवायची. तासाभराचे हे काम आहे आणि संचाच्या किमतीपेक्षा त्याचे मोल जास्त आहे. ऑपरेटर बदलला की ते पुन्हा करावे.

गोणी दिसली म्हणून खड्डा दिसेल असे मात्र समजू नये. आपल्या भागात बिनकठड्याच्या विहिरी रस्त्याला आणि बांधाला खेटून आहेत. मेशी फाट्यावर 28 जानेवारी 2020 रोजी धडकेनंतर एसटी आणि रिक्षा रस्त्यालगतच्या विहिरीत गेल्या आणि वीसहून जास्त माणसे गेली. त्या अपघातात रिव्हर्सचा संबंध नव्हता, पण विहीर वाटेच्या किती जवळ असते हे तालुका तेव्हा पाहून चुकला. एका भिंगाच्या कॅमेऱ्याला खोली कळत नाही. विहिरीचे तोंड पडद्यावर सावलीच्या डागासारखे दिसते, शेततळ्याची कड तर मातीच्या रंगात मिसळूनच जाते. अशा ठिकाणी काठापासून पुरेसे अलीकडे मातीचा आडवा बांध किंवा मोठे दगड टाकावेत, म्हणजे चाक टेकताच ऑपरेटरला कळते. खाणींत डंपर रिकामे करताना काठावर असा बांध ठेवतातच.

उजेडाचेही तसेच. संध्याकाळी पश्चिमेला पाठ करून मागे येताना सूर्य थेट भिंगात उतरतो आणि पडदा पांढरा होतो. भिंगावर पत्र्याची छोटी झडप बसवली तर थोडे निभावते. रात्रीसाठी कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात, पण मागे धूळ उडत असली की तो प्रकाश धुळीवरूनच परत फिरतो आणि सगळे धुके दिसते. त्यापेक्षा मागे एक साधा एलईडी वर्कलाइट लावावा. कॅमेऱ्याला दिसते आणि मागे उभ्या माणसालाही कळते की यंत्र आपल्याकडे येते आहे. भिंग रोज सकाळी, इंजिन ऑइल पाहतानाच, ओल्या फडक्याने पुसायचे. कोरड्या फडक्याने पुसले तर धुळीचे कण त्याच्यावर चरे पाडतात.

हेल्परला घरी पाठवायला कॅमेरा हे कारण होऊ नये. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत तो नेमका यंत्रामागे उभा राहतो, आणि मागे घेताना सर्वांत मोठा धोका त्याच्याच जिवाला असतो. त्याची जागा बदलायची. त्याने ऑपरेटरच्या बाजूला, आरशात दिसेल असे, बाजूला हटून उभे राहावे. तो आरशातून दिसेनासा झाला की यंत्र जागीच थांबले पाहिजे, ही अट दोघांनी एकमेकांना घालून घ्यावी. पडदाही अशा जागी लावावा की ऑपरेटरची नजर आरशाकडे जाताना वाटेतच त्याच्यावर पडेल. पुढच्या काचेच्या मधोमध लावला तर पुढची बकेट झाकते आणि नजर नुसती पडद्याला चिकटून राहते.

राहिली ट्रॅक्टरची ट्रॉली. उमराण्याला, लासलगावला कांदा नेणारी, पूर्वी विठेवाडीच्या कारखान्याला ऊस नेणारी. तिच्या पाठीला कॅमेरा लावला तर तार ट्रॅक्टरपर्यंत आणावी लागते, आणि ट्रॉली रोज जोडली-सोडली जाते. घाईत जोड न काढता ट्रॅक्टर पुढे नेला की तार तुटलीच म्हणून समजा. इथे मात्र स्वतःची छोटी बॅटरी असलेला, चुंबकाने चिकटणारा बिनतारी कॅमेरा मी मान्य करेन. ट्रॅक्टरला बंदिस्त लोखंडी केबिन नसते आणि अंतरही थोडे, त्यामुळे चित्र बऱ्यापैकी टिकते. बाजार समितीच्या आवारात, जिथे पुढेमागे वाहने लागलेली आणि मधून हमाल, व्यापारी, पोरे फिरत असतात, तिथे तो ट्रॉलीला लावायचा. लिलाव होऊन ट्रॉली खाली झाली की काढून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचा आणि रात्री घरी चार्जिंगला लावायचा.